डावीकडचा काप

उद्या तुम्ही दोघं रुळाच्या वाटेनं कॅम्पवर जाणार आहात म्हणून सांगतो. नाहीतर सांगितलं नसतं. टेस, ते दार ओढून घे बाई, डास आत येतायत. आणि कोल, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्ये हसलास तर मी गप्प बसेन, आणि मग ही तुला रात्रभर झोपू देणार नाही. आमच्या घराण्यातल्या बायका अर्धी गोष्ट सहन करत नाहीत.

मी भूतबीत मानत नाही. माझ्या बापानं तांब्याच्या खाणीत जन्म काढला. तिथं अंधाराला काय तोटा. त्याला कधी काही दिसलं नाही, मला कधी दिसलं नाही. पण ही गोष्ट डेनिस लाम्पीची आहे, आणि डेनिसला मी शाळेपासून ओळखतो. खोटं रचायला जे डोकं लागतं ते त्याच्याकडे नाही. आयुष्यात तो एकदाच धड खोटं बोलला, आणि मी सांगतोय ती त्याच खोट्याची गोष्ट आहे.

मार्लिस तुम्हाला माहीत आहे. पोस्टाशेजारच्या निळ्या घरात राहते ती. आता केस पांढरे झालेत, पण एके काळी निम्म्या गावाचा तिच्यावर डोळा होता. माझाही होता, हसू नकोस टेस. डेनिसचा तर जीवच होता. पण तिला रॉय हेइकिलानं पटकावलं, आणि डेनिस बसला रस्त्यावरचा बर्फ ओढायची गाडी चालवत, बिनलग्नाचा.

ती रुळाची वाट रॉयची. म्हणजे कागदावर सरकारची, पण रूळ उखडून नेल्यावर तिच्याकडे आमच्यापैकी कुणी ढुंकून पाहिलं नाही. नुसती खडी आणि वाळू. पावसानं भराव वाहून गेलेले, बीव्हरनं बांध घालून पाणी तुंबवलेलं, आणि प्रत्येक वादळात दोन-चार झाडं आडवी. बारा-तेरा मैलांत एक घर नाही, फोन लागत नाही. शेवटी तळ्याकाठी रॉयचा कॅम्प. एक खोली, ओसरी आणि मागे वाफेनं अंघोळ करायची सौना. रॉय सायकलला हातकरवत बांधून जायचा आणि वाट मोकळी करायचा. मोटारीची करवत त्याला आवडायची नाही.

आता झाड आडवं पडलं की आपण काय करतो? वाटेच्या मधोमध दोन काप घेतो, मधला तुकडा लोटून देतो, एक सायकल जाईल एवढी खिंड पाडतो आणि घरी येऊन जेवतो. रॉय दोन सायकली शेजारी शेजारी जातील एवढी खिंड पाडायचा. तेवढा लांब तुकडा लोटायला जीव जातो, पण तो लोटायचा. कारण वाटेवर दोन चाकोऱ्या आहेत, शिकाऱ्यांच्या गाड्यांनी पडलेल्या, आणि ही दोघं त्यातून जोडीनं जायची. मार्लिस उजव्या चाकोरीत, रॉय डाव्या. झाड कापताना तो नेहमी उजवीकडून सुरुवात करायचा, तिच्या बाजूनं. त्याचा काप असा सरळ की वर कॉफीचा कप ठेवावा.

आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात तो एकटाच गेला आणि रात्री आला नाही. सकाळी मी गेलो शोधायला. एका झाडाला टेकून बसला होता, करवत मांडीवर. हृदय थांबलेलं. समोर ओंडका. उजवीकडचा काप पुरा झाला होता. डावीकडचा राहिला होता.

तो ओंडका मग कुणीतरी ट्रॅक्टरनं ओढून काढला. रॉयची करवत मार्लिसनं कॅम्पच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली, आणि त्या करवतीला परत कुणी हात लावला नाही. दोन वर्षांनी तिनं डेनिसशी लग्न केलं. सगळ्यांना बरं वाटलं. मला थोडं कमी बरं वाटलं, पण ते जाऊ दे.

डेनिस चांगला माणूस आहे. पण त्याचं पोट दुखायचं. रॉयच्या नावानं दुखायचं. दुकानात गेला की कुणीतरी म्हणायचं, रॉय असता तर वाट साफ असती. तळ्यावर गेला की रॉयची होडी, जेवायला बसला की रॉयनं केलेलं टेबल. आणि सगळ्यात जास्त ते ओंडके. सबंध वाटभर दोन्ही बाजूंना, जुने, करडे पडलेले, आणि मध्ये दोघांपुरती जागा. मार्लिस अजूनही उजव्या चाकोरीतूनच सायकल चालवायची. डावी मोकळी. डेनिस तिच्या मागून जायचा. ‘डावीकडे ये ना,’ असं ती कधी म्हणाली नाही, आणि हा आपणहून कधी गेला नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, पण दोघांपैकी एकानंही त्यावर तोंड उघडलं नाही.

माझ्यापाशी मात्र उघडायचा. एकदा बिअर पिताना म्हणाला, “आर्नी, जिवंत माणूस असता तर थोबाड फोडलं असतं. मेलेल्याचं काय फोडू?”

मी म्हटलं, “अरे बाबा, ती तुझ्या घरात आहे ना? मग झालं तर.”

“घरात आहे,” म्हणाला. “वाटेवर नाही.”

तर, तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. शेवटचा शनिवार. गुरुवारी रात्री तलावावरून मोठं वादळ आलं होतं, माझ्या छपराचे पत्रे उडाले. शुक्रवारी दिवसभर डेनिस माझ्याकडे होता, छपरावर, सकाळपासून काळोख पडेपर्यंत. हे लक्षात ठेवा. जेवलाही इथंच, आणि माझी मासळी संपवून गेला.

शनिवारी सकाळी मार्लिस एकटी सायकलनं कॅम्पवर गेली. शनिवार म्हणजे सौना, ते काही चुकत नाही. भट्टी पेटवून दगड तापायला वेळ लागतो, म्हणून ती आधी जाते. डेनिसला गॅरेजमध्ये काम होतं. जाताना ती म्हणाली, “दिव्याचं तेल संपलंय. येताना घेऊन ये. विसरलास तर अंधारात जेवावं लागेल.”

संध्याकाळी यानं तेलाचा डबा पिशवीत टाकला, पाव घेतला, धुरावलेला मासा घेतला आणि निघाला. दिवस मावळतीला टेकला होता. चंद्र उगवणार नव्हता त्या रात्री. सायकलच्या दिव्यावर भिस्त.

गाव सुटल्यावर थोड्याच अंतरावर पहिलं झाड लागलं. मोठा स्प्रूस, मुळासकट उपटून आडवा. पण वाट मोकळी होती. मधला तुकडा बाजूला लोटलेला. काप ताजे, पिवळेधमक, खाली भुशाचे ढीग. डेनिस उतरला. दोन्ही हात पसरून खिंड मापली.

दोन सायकलींची होती.

आता तुम्ही म्हणाल, केलं असेल कुणीतरी. तोही तेच म्हणाला. पण मग त्यानं दिवा खाली धरला. ओल्या वाळूत उजव्या चाकोरीत एक माग होता, मार्लिसच्या टायरचा. त्याच्या ओळखीचा. आणि डाव्या चाकोरीतही माग होता. दोन्ही शेजारी शेजारी, पुढे गेलेले. परत आलेले नाहीत.

त्याच्या डोक्यात काय झालं ते मी सांगायला नको. भूत वगैरे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. माणूस आला. कोण असेल? गावात एवढी सायकल दामटणारे पुरुष किती, तर हाताच्या बोटांवर मोजावेत. प्रत्येकाचं तोंड त्यानं डोळ्यांपुढे आणलं आणि प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मलाही घातल्या, नंतर त्यानंच सांगितलं. मेल्याला म्हटलं, मी तेव्हा तुझ्याच हातानं बसवलेल्या छपराखाली झोपलो होतो.

तो सायकल हाणायला लागला. खडीवर चाक सरकत होतं, दोनदा पडला, गुडघा फुटला. दुसरं झाड आलं, बर्च. तेही कापलेलं. दोघांपुरतं. तिसरं, मेपल. तेही. आणि माग काही संपेनात. उजवीकडे तिचा. डावीकडे त्याचा.

काळोख पुरता झाला.

आणि पुढून हसू आलं.

मार्लिसचं हसू. लांबून, झाडांतून. तुम्ही ऐकलंय ना ते, आधी थोडं नाकातून आणि मग मोकळं. डेनिसनं हाक मारली. “मार्लिस...”

हसू थांबलं.

तो जोरानं निघाला. पुढे वळणावर एक दिवा दिसला. सायकलीचा. हलत होता. हा जवळ गेला की तो पुढे. हा थांबला की... तोही थांबायचा. बोलणं ऐकू येत होतं. बाईचा आवाज. मग पुरुषाचा, खालच्या पट्टीतला. शब्द कळत नव्हते. घरात दोन माणसं शेजारच्या खोलीत बोलतात ना, तसं. डेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं रागानं. एवढं जुनं, मुरलेलं बोलणं ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती.

मग दिवा गेला. आवाजही गेला.

तळं आलं. कॅम्पची खिडकी चुलीच्या उजेडानं लालसर. सौनाच्या धुराड्यातून धूर. ओसरीला टेकवलेली एकच सायकल, मार्लिसची. हात लावला, तर सीट कोरडी ठणठणीत, चाकाला चिकटलेला चिखल वाळून पांढरा झालेला. दुपारपासून ती तिथंच होती.

मार्लिस टॉवेल गुंडाळून दारात आली. “आलास? तेल आणलंस ना?”

“कोण आलं होतं?” यानं विचारलं.

“इथं? इथं कोण मरायला येतंय? गुडघ्याला काय झालं? चल, आधी आत चल, दगड चांगले तापलेत.”

हा बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. आनंद होता. फार दिवसांत असा पाहिला नव्हता त्यानं.

आता सौना म्हणजे काय, ते तुम्हा दोघांना नव्यानं सांगायला नको. पण शहरात राहून विसरला असाल म्हणून एक गोष्ट सांगतो. तिथं भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. चालायला यायच्या आधी आम्हाला हे शिकवलेलं. माझी आजी म्हणायची, आपल्याला जन्माला घातलं सौनात, मेल्यावर धुतात सौनात, तिथं मध्येच खोटं बोलून काय मिळवायचंय?

दोघं वरच्या फळीवर बसली. मार्लिसनं लाकडी पळीनं दगडांवर पाणी टाकलं. फस्स झालं, वाफ आली, अंग सैल पडलं. अंधारच होता आत, भट्टीच्या फटीतून लाल उजेड तेवढा.

ती म्हणाली, “डेनिस, झाडं तू कापलीस ना? काल?”

यानं भट्टीच्या फटीकडे तोंड वळवलं.

“तू आर्नीकडे जातो म्हणालास, पण मला वाटलं, मला चकित करायचं असेल तुला. दोघांपुरती जागा केलीस.” आणि तिनं त्याचा हात धरला. “मी सकाळी त्या स्प्रूसपाशी उतरून कितीतरी वेळ उभी होते. तूच कापलीस ना?”

बघा आता. हा माणूस शाळेपासून तिच्यासाठी झुरलेला. तिनं स्वतःहून त्याचा हात कधी असा धरला नव्हता. खरं सांगितलं असतं, की मी नाही कापली, तर मग कुणी? ते तिला कळलं असतं. आणि हात सुटला असता. गेला असता परत त्याच्याकडे, डावीकडच्याकडे. डेनिसला तेव्हा कळून चुकलं होतं पुढचा दिवा कुणाचा ते. भीती वाटायला हवी होती. मला म्हणाला, “भीती नाही वाटली आर्नी. मला वाटलं, आतातरी एक गोष्ट त्याची माझी होऊ दे.”

म्हणाला, “हो. मीच कापली.”

 मार्लिसनं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, “मला फार झालं. मी बाहेर बसते. शेवटचं पाणी तू टाक.”

ती गेली. दार लागलं.

डेनिसनं पळी भरली. दगडांवर ओतली.

काही नाही.

आवाज नाही. वाफ नाही. दगड तापलेले, जवळ हात नेला तर भाजत होता. त्यानं दुसरी पळी ओतली. पाणी दगडांवरून गेलं. कुठं गेलं कळलं नाही. तिसरी ओतली...

चूप.

भट्टीत लाकूड जळत होतं, त्याचाही आवाज थांबला होता. आणि अंग गार पडत चाललं. वरच्या फळीवर, भट्टीच्या शेजारी बसलेला माणूस. दात वाजायला लागले त्याचे.

तो बाहेर पळाला. ओसरीवर मार्लिस बसली होती, अंगातून वाफा निघतायत. म्हणाली, “एवढ्यात आलास?” तिनंही वाफेचा आवाज ऐकला नव्हता, बाहेरून तो ऐकू येतो. पण तिनं विचारलं नाही.

दोघं जेवली. दिवा विझवला. झोपली.

रात्री डेनिसला जाग आली.

करवत चालत होती.

लांब. वाटेवर. खर्र... खर्र... हातकरवत. घाई नाही. एक ओढ, मग एक लोट. मध्ये थांबायची, दम खाल्ल्यासारखी. पुन्हा सुरू. एवढ्या रात्री... जंगलात... उजेड नसताना.

त्यानं अंधारात भिंतीकडे पाहिलं. रॉयची करवत खिळ्यावर होती. हाताला लागली. गार.

खर्र... खर्र...

मार्लिस पाठ करून झोपली होती. तिचा श्वास झोपेतला नव्हता.

“ऐकतेस का?” यानं विचारलं.

“काय?” म्हणाली. लगेच. फार लगेच.

आणि दोघं तशीच पडून राहिली, एका अंथरुणात, एकच आवाज ऐकत. डेनिस म्हणतो, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र ती. भुतानं नाही. ती तिकडे कान लावून पडली होती, त्यानं. तिच्या पाठीवर हात ठेवायचं त्याला धाडस झालं नाही.

पहाटे आवाज थांबला.

कॉफी अजून आहे का किटलीत? घाल थोडी. बस, बस.

सकाळी दोघं परत निघाली. ती पुढे, उजव्या चाकोरीत. हा मागे. पहिलं लागलं ते मेपल. मार्लिसनं ब्रेक दाबला.

झाड अखंड होतं.

वाटेवर आडवं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सालीवर ओरखडा नाही. काप नाही, जोड नाही, काही नाही. आणि खाली, दोन ठिकाणी, पिवळ्या भुशाचे दोन ढीग. ताजे. ओले.

मार्लिसनं सालीवरून हात फिरवला. मग वळून डेनिसकडे पाहिलं.

डेनिसच्या तोंडचं पाणी पळालं. पण एक सांगतो, तिथं तो पळाला नाही, सारवासारव केली नाही. म्हणाला, “मी नव्हती कापली. मी परवा आर्नीच्या छपरावर होतो. सौनात खोटं बोललो तुझ्याशी.”

तिनं सालीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “करवत आण.”

“कुठली?”

“एकच आहे.”

डेनिस परत गेला आणि भिंतीवरची रॉयची करवत काढून आणली. पात्याला गंज चढलेला, पाच वर्षांचा. रात्री त्या करवतीनं काही कापलं असणं शक्य नव्हतं. त्या गंजक्या पात्यानं तो मेपलला भिडला. त्याला कुठं येतंय कापायला, बर्फ ओढणारा माणूस. करवत अडकायची, वाकडी जायची, हाताला फोड आले. एका सायकलीपुरती खिंड पाडून मोकळं होता आलं असतं. यानं दोघांपुरती पाडली. मार्लिस बाजूच्या दगडावर बसून बघत होती. मदत केली नाही, नको म्हणाली नाही.  आणि हा प्रत्येक ओढीला मनात म्हणत होता, गेली, माझी बायको गेली.

बर्चही अखंड होता. तोही कापला. दुपार टळली.

स्प्रूसपाशी आली तेव्हा सूर्य खाली गेला होता. तिन्हींत मोठं झाड ते. डेनिसनं उजवीकडून सुरुवात केली, तिच्या बाजूनं. आपल्याला हे कुणी शिकवलं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. तो काप पुरा झाला तेव्हा त्याच्या हातून रक्त येत होतं आणि दिसेनासं व्हायला लागलं होतं.

मार्लिस म्हणाली, “बस जरा.”

दोघं ओंडक्याच्या उजव्या टोकावर बसली. तिनं थर्मासमधली उरलेली कॉफी त्याला दिली.

“रॉयचा काप मी ओळखत नाही असं वाटलं तुला?” ती म्हणाली. “काल सकाळीच ओळखला. पाहिल्या पाहिल्या.”

डेनिस म्हणाला, “मग मला का विचारलंस?”

“कारण मला ते काप तुझे हवे होते, मूर्खा,” ती म्हणाली. “तीन वर्षं वाट बघतेय. तू मागून चालवतोस आणि माझ्या पाठीकडे बघून जळत राहतोस. एक झाड कापलं असतंस तर? एक?”

डेनिस रडला. मला सांगताना परत रडला, माझ्या या टेबलाशी. मार्लिसनं त्याचा फोड आलेला हात आपल्या मांडीवर घेतला. अशी दोघं बसून होती. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. आवाज कसलाही झाला नाही, हे दोघंही शपथेवर सांगतात. मी दोघांना वेगवेगळं विचारलंय.

मग डेनिस उठला. म्हणाला, “डावीकडचा राहिलाय.”

करवत घेऊन डाव्या बाजूला गेला. दिवा धरला.

डावीकडचा काप झालेला होता.

आरपार. सरळ. राळ थेंबाथेंबानं गळत होती.

मार्लिस येऊन शेजारी उभी राहिली. किंचाळली नाही, काही नाही. तिनं त्या कापावर तळवा ठेवला, थोडा वेळ. मग दोघांनी मिळून मधला तुकडा लोटला. ती सायकल घेऊन उजव्या चाकोरीत उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, “ये. डावीकडून ये.”

डेनिस गेला. जोडीनं गेली. अजून जातात, तुम्हाला दिसतील कधीतरी रविवारी.

डेनिस त्यातून सुटला म्हणाल, तर नाही. अजून येतो, या खुर्चीत बसतो, आणि तेच विचारतो. “आर्नी, त्यानं मला जागा करून दिली, की आपली जागा राखून ठेवली? तू त्याला ओळखत होतास. सांग ना.” मी काय सांगू? मी म्हणतो, मासा खा.

उद्या तुम्हाला दिसेलच. गाव सुटलं की पहिला मोठा स्प्रूस. गावाकडे तोंड करून उभे राहा, उजवीकडचा काप डेनिसचा, तीनदा करवत अडकलेली, कुरतडल्यासारखा. तो आता वाळून करडा झालाय, चिरा पडल्यात, होणारच. तीन हिवाळे गेले त्यावरून.

डावीकडचा बघा. मी परवाच जाऊन आलो.

अजून पिवळा आहे. गळतोय.

हात लावाल तर राळ लागेल हाताला. साबणानं जात नाही ती. लोणी लावा.